गळ, होडी आणि वीजघराचे पाणी

पनवेलजवळच्या करंजाडे वसाहतीला लागून गाढी नदी वाहते. माथेरानच्या डोंगरातून निघणारी ही छोटी नदी पावसाळ्यात दुथडी भरते आणि उन्हाळ्यात रोडावते. कोकणातल्या बहुतेक नद्यांचे असेच असते. करंजाडे, नवीन पनवेल या भागाच्या नळांना पाणी येते ते मात्र दक्षिणेकडच्या पाताळगंगेचे. ही नदी भर मे महिन्यातही वाहती असते. असे का?

कारण उन्हाळ्यात तिच्यात असणारे पाणी मुळी कोकणातले नाही. लोणावळ्याच्या परिसरातली वळवण, शिरवता, लोणावळा ही तळी घाटमाथ्याच्या पूर्व उतारावर आहेत. तिथला पाऊस खरे तर इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळायचा. टाटांच्या जलविद्युत कंपनीने तो धरणांनी अडवला आणि पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून नळांवाटे खोपोलीच्या चाकांवर सोडला. हे वीजघर १९१५ साली सुरू झाले. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिरा येथील वीजघर आले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेला मिळते, भिवपुरीचे उल्हास नदीला आणि भिऱ्याचे कुंडलिकेला. वर्षाला सुमारे ४२ अब्ज घनफूट पाणी असे दिशा बदलून अरबी समुद्राकडे येते. मुळशीची किंमत तिथल्या शेतकऱ्यांनी कशी मोजली आणि सेनापती बापटांनी १९२१ पासून कसा लढा दिला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. त्याच धरणांनी नद्यांमधल्या माशांचे काय केले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते.

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर आधी थोडे लांब, अमेरिकेत जाऊन यावे लागेल. तिथे हाच प्रयोग वेगळ्या हवामानात झाला आहे, आणि त्याची नोंदही चांगली ठेवलेली आहे.

मिसुरी आणि आर्कान्सॉ या राज्यांच्या सीमेवर ओझार्क नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. चुनखडीचा खडक, त्यात पाण्याने कोरलेल्या गुहा आणि ठिकठिकाणी उसळणारे मोठे झरे. त्यातला ‘बिग स्प्रिंग’ नावाचा झरा रोज सरासरी शंभर कोटी लिटरहून अधिक पाणी देतो! या भागातून व्हाइट नावाची नदी वळणे घेत जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातले हौशी लोक रेल्वेने इथे येत, सपाट बुडाची लांबट लाकडी होडी भाड्याने घेत आणि प्रवाहाबरोबर वाहत जात. वल्हवायचे फारसे नाही. वाटाड्या मागे बसून होडीला दिशा देणार आणि पाहुणा पुढे बसून गळ टाकणार. रात्री वाळूच्या पुळणीवर मुक्काम. गलीना गावापासून ब्रॅन्सनपर्यंतची अशी सफर चार-पाच दिवस चाले आणि तिच्यावर अनेक स्थानिक कुटुंबांचे पोट भरे. या होड्यांना तिथे ‘जॉनबोट’ म्हणतात.

त्या काळी गळाला लागे तो ‘स्मॉलमाउथ बास’ नावाचा तिथला मूळचा मासा. त्याला कोमट, वाहते पाणी लागते. ट्राउट हा मासा ओझार्कच्या नद्यांत मुळात नव्हताच. आज मात्र ओझार्क म्हटले की गळाने मासे धरणाऱ्यांना ट्राउटच आठवतो. १९९२ साली याच प्रदेशाच्या कडेला, लिटल रेड नावाच्या नदीत, १८ किलोंहून अधिक वजनाचा ब्राउन ट्राउट सापडला. पुढची सतरा वर्षे तो जागतिक उच्चांक होता. ब्राउन ट्राउट तर अमेरिकेचासुद्धा नव्हे, तो युरोपातला! मग हे घडले कसे?

पुरांना आळा घालण्यासाठी आणि विजेसाठी अमेरिकी सरकारने इथे मोठी धरणे बांधली. १९४४ मध्ये नॉरफोर्क, १९५१ मध्ये बुल शोल्स, १९५८ मध्ये टेबल रॉक. होड्यांच्या सफरीचा बराच मार्ग जलाशयांखाली गेला. धरणांच्या खालची नदी शिल्लक राहिली, पण तिचा स्वभाव पार पालटला. वीजघराला पाणी मिळते ते जलाशयाच्या खोल भागातून, आणि ते ऐन उन्हाळ्यातही बर्फासारखे गार. कोमट पाण्यातले मासे त्यात टिकेनात. आपल्या धरणांनी मूळची मासेमारी बुडवली याची भरपाई म्हणून सरकारने नॉरफोर्क धरणाच्या पायथ्याशी मत्स्यबीज केंद्र उभारले. ते १९५७ पासून ट्राउटची पिल्ले वाढवून नदीत सोडत आहे. थोडक्यात, एक नदी घेतली आणि तिच्या बदल्यात दुसरीच नदी दिली.

इथे वर्गात विचारण्यासारखा प्रश्न आहे. जलाशयाच्या तळाचे पाणी उन्हाळ्यात गार कसे राहते? पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते, हे मुलांना पाठ असते. हिवाळ्यात ओझार्कच्या जलाशयाचे पाणी वरपासून खालपर्यंत त्या तापमानाच्या जवळपास पोचते. उन्हाळ्यात वरचा थर तापतो आणि हलका होतो. हलके पाणी वर आणि जड पाणी खाली अशी मांडणी एकदा झाली, की वाऱ्याने वरचा थर घुसळला तरी खालचा त्यात मिसळत नाही. हिवाळ्यातली थंडी जणू तळाशी साठवून ठेवलेली असते. वीजघर वर्षभर त्या साठ्यातले पाणी काढत राहते आणि नदीत १० अंशांच्या आसपासचे पाणी येते. ट्राउटला हवे असते ते हेच. १० ते १६ अंशांत तो खुशीत असतो. २० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो आणि २५ च्या पुढे तगणे कठीण. यात प्राणवायूचाही भाग आहे. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच. म्हणजे पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा नेमका तेव्हाच घटतो.

मग वळवण किंवा मुळशीच्या धरणाखाली ट्राउट का नाही? आपली तळीही खोल आहेत आणि उन्हाळ्यात त्यांतही थर पडतात. पण तळाशी साठणार ती इथल्या हिवाळ्याची थंडी, आणि आपला हिवाळा असा कितीसा गार! सह्याद्रीतले पाणी जानेवारीतही विशीच्या फार खाली जात नाही. झऱ्यांचीही तीच गोष्ट. जमिनीखालच्या पाण्याचे तापमान साधारणपणे त्या जागेच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतके असते. ओझार्कचा झरा बारा महिने १४ अंशांच्या आसपास असतो, तर आपल्याकडच्या विहिरीचे पाणी पंचविशीचे. भारतात ट्राउट रुजला तो उंचीच्या आधाराने. काश्मीरमध्ये १९०० साली स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून ब्राउन ट्राउट वाढवला गेला. निलगिरीत फ्रान्सिस डे यांचे १८६०च्या दशकातले प्रयत्न फसले, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे रेनबो ट्राउट टिकला. निलगिरीचे ते ओढे दोन हजार मीटरच्या आसपास आहेत. सह्याद्रीत महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, आणि शिखरावर नदी नसते!

पण आपल्या नद्यांत गळाला लागण्यासारखा मातबर मासा नव्हता, असे मात्र नाही. महाशीर हा तो मासा. घाटाकडचे लोक त्याला खडस, खडशी अशाही नावांनी ओळखतात. मोठे खवले, जाड ओठ, आणि गळाला लागला की प्रवाहात मुसंडी मारण्याची विलक्षण ताकद. एच. एस. थॉमस या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली भारतातल्या गळाच्या मासेमारीवर एक जाडजूड पुस्तक लिहिले. त्याचा नायक महाशीरच होता. आपल्या लोकांचे या माशाशी नाते मात्र निराळे होते. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे आणि वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे महादेवाचे देऊळ आहे. या दोन्ही ठिकाणचे महाशीर देवाचे म्हणून कोणी धरत नाही. उन्हाळ्यात नदी आटली की मोठे मासे अशाच खोल डोहांत तग धरतात. लोकांनी नेमके डोहच राखले, ही गोष्ट जीवशास्त्राच्या दृष्टीने फार शहाणपणाची ठरली.

दख्खनच्या महाशीराचे शास्त्रीय नाव ‘टॉर खुद्री’. यातला ‘खुद्री’ हा शब्द लॅटिन नाही, तो आपल्याकडचा आहे. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२४ पासून काही वर्षे दख्खनभर फिरत होता. शेतसारा, पिके, लोकसंख्या यांच्या नोंदी करता करता त्याने पक्षी आणि मासेही टिपले. पुण्याच्या मुळा-मुठेतले मासे पाहताना तो स्थानिकांना त्यांची नावे विचारी आणि तीच शास्त्रीय नावात घाली. १८३९ साली ही नावे लंडनला प्रसिद्ध झाली. शिंगाळ्याचे ‘सिंघाला’, मळ्याचे ‘मुल्या’. तशीच ‘कोलस’, ‘पोटेल’. एका अख्ख्या प्रजातीगटाचे नावच त्याने ‘रोहटी’ ठेवले. मुळा-मुठेच्या काठच्या भोई-कोळ्यांचे शब्द आज जगभरच्या मत्स्यशास्त्रात वापरले जातात. विज्ञानाच्या तासाला हे अवश्य सांगावे. साइक्सने ‘मुसुल्ला’ असेही एक नाव दिले होते. ते लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

महाशीराची वीण पावसाळ्यात होते. नदीला पूर आला की मादी वर वर पोहत जाते आणि गोटे-वाळूच्या, खळाळत्या पाण्यात अंडी घालते. धरणाची भिंत ही वाट बंद करते. शिवाय अंडी-पिल्लांवर येणारी संकटे, सुरुंग लावून केलेली मासेमारी आणि गढूळ होत गेलेल्या नद्या या सगळ्यांनी १९६० नंतर महाशीर ठिकठिकाणी दुर्मीळ होऊ लागला. टाटांच्या तळ्यांत मात्र तो टिकून होता, कारण तळ्यांना मिळणारे वरचे ओढे शाबूत होते. तिथेच, वळवणला, १९७०च्या सुमारास महाशीराचे मत्स्यबीज केंद्र सुरू झाले. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि टाटा कंपनीचे एस. एन. ओगले यांनी या कामाचा पाया घातला.

या कामातली एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. रोहू, कटला यांची अंडी पंधरा-वीस तासांत फुटतात. महाशीराच्या अंड्यांना मात्र अडीच-तीन दिवस लागतात, आणि पिल्ले बाहेर आल्यावरही आठवडाभर तळाशी एका जागी पडून पोटातल्या पिवळ्या बलकावर जगतात. निसर्गात हा काळ फार धोक्याचा. पण पैदास करणाऱ्याच्या दृष्टीने त्यात एक सोय आहे: अंडे उशिरा फुटते, म्हणजे त्याला प्रवास करता येतो! कुलकर्णी आणि ओगले यांनी फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने पाठवून पाहिली. पाणी नाही, टाकी नाही, फक्त ओला कापूस. अंडी जिवंत पोचली. १९७९ मध्ये त्यांनी हे एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले.

ट्राउटची जगभरची भटकंतीही याच युक्तीने झाली होती. ट्राउटचे अंडे गार पाण्यात महिनाभर फुटत नाही. १८६४ साली इंग्लंडहून टास्मानियाला ट्राउट आणि सामन माशांची अंडी ओल्या शेवाळात, बर्फाच्या थरांमध्ये ठेवून जहाजाने पाठवली गेली. जवळजवळ तीन महिने त्यांचे फुटणे बर्फाने लांबवले होते. कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीकाठच्या सरकारी केंद्रातून रेनबो ट्राउटची अंडी अशीच रेल्वेने देशभर गेली. धरणे होण्याच्या कितीतरी आधी, १८८०च्या दशकात, ओझार्कमधल्या थंड झऱ्यांत ट्राउट पोचला तो या मार्गाने. म्हणजे वळवणचा कापूस आणि टास्मानियाचे शेवाळ यांच्यामागचे तत्त्व एकच: अंडे ओले राहिले, त्याला हवा मिळाली आणि ते तापले नाही, म्हणजे त्याला पोहायला पाणी लागत नाही.

वळवणहून महाशीराची अंडी आणि बोटुकली अनेक राज्यांना दिली गेली. दुर्मीळ मासा वाचवायचा तर तो अधिकाधिक नद्यांत सोडावा, असाच तेव्हाचा विचार होता. १९७०च्या दशकापासून ती कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली. कावेरीत आधीपासून एक वेगळा महाशीर होता: पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी झाक असलेल्या परांचा, ५० किलोंच्याही वर वाढणारा. जगभरचे गळवाले कावेरीवर येत ते त्याच्यासाठी. बंगळूरची एक वन्यजीव संघटना नदीचा काही भाग राखत होती. तिथे मासा धरायचा, वजन करायचे, नोंदवहीत लिहायचे आणि सोडून द्यायचे असा नियम होता. १९९८ ते २०१२ या काळात अशा सहा हजारांहून अधिक महाशीरांची नोंद झाली. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी या वह्या तपासल्या. एकूण मासे वाढत होते. वाढत होता तो निळसर परांचा, बाहेरून आणून सोडलेला महाशीर. नारिंगी परांचा मूळ मासा जवळजवळ दिसेनासा झाला होता. दोघांची वेगवेगळी नोंद वहीत नसती, तर ‘कावेरीत महाशीर वाढले’ असाच आनंदाचा निष्कर्ष निघाला असता.

याहून विचित्र गोष्ट अशी, की त्या माशाला धड नावच नव्हते. वर्षानुवर्षे लोक त्याला ‘टॉर मुसुल्ला’ म्हणत. पण साइक्सचा ‘मुसुल्ला’ हा आपल्या दख्खनच्या नद्यांतला भलताच मासा निघाला. तो टॉर गटातला नव्हेच. ज्याला ग्राह्य नाव नाही, त्याला धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत कसे घालणार? २०१८ मध्ये असे दाखवून देण्यात आले, की २००७ साली केरळातल्या पांबार नदीतून वर्णन केलेला ‘टॉर रेमादेवी’ तोच हा. त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

याचा दोष वळवणच्या केंद्राला द्यावा असे मला वाटत नाही. त्यांनी जो मासा हाती घेतला तो वाचवला आणि त्याच्या विणीचे शास्त्र शून्यातून उभे केले. पण एका नदीतला महाशीर दुसऱ्या नदीतही चालेल, हे गृहीत धरणे आणि ओझार्कमध्ये बासऐवजी ट्राउट चालेल असे ठरवणे, यांत जातकुळी एकच आहे. फरक इतकाच की ओझार्कच्या लोकांना आपण काय बदलले ते माहीत होते.

होडीच्या सफरीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. व्हाइट नदीवर आजही लोक जॉनबोटीतून ट्राउट धरतात, पण निघण्यापूर्वी आज किती जनित्रे चालणार याची चौकशी करतात. जनित्रे सुरू झाली की नदी बघता बघता चढते. या नदीला धरणाखाली बफेलो नावाची उपनदी मिळते. बफेलोवरही धरणे ठरली होती. होडीतून सफरी करणाऱ्या लोकांनीच १९६०च्या दशकात त्यांना विरोध केला आणि १९७२ मध्ये ती अमेरिकेची पहिली ‘राष्ट्रीय नदी’ म्हणून राखली गेली. तिच्यात आजही बास आहे, आणि उन्हाळ्यात पाऊस नसेल तर वरच्या भागात होडी खडकाला घासते. ऑगस्टमध्ये दोन नद्यांच्या संगमावर पाण्यात हात घालावा. एक हात कोमट नदीत, दुसरा थंडगार नदीत!

आपल्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोलाडजवळ कुंडलिकेवर रबरी तराफ्यांची सफर लोकप्रिय झाली आहे. साधारण बारा किलोमीटरचा हा मार्ग कडक उन्हाळ्यातही चालतो. मुळशीचे पाणी भिऱ्याला वीज देते, खाली सरकारी वीजघरात पुन्हा एकदा वीज देते, आणि मग नदीत उतरते. सफरी बहुधा सकाळी असतात, कारण पाणी तेव्हा सोडले जाते. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर हेच पाणी कालव्यांना आणि कारखान्यांना वाटले जाते.

शाळेची सहल कोलाडला गेली तर बरोबर एक साधा तापमापक न्यावा. पाणी यायच्या आधी काठावरून नदीचे तापमान घ्यावे. भोंगा, सूचना किंवा तिथल्या माणसांचा इशारा झाला की मुलांना वर काढावे, आणि पाणी स्थिरावल्यावर त्याच जागी, वाटाड्याला विचारून, पुन्हा मोजावे. त्याच दिवशी जवळपासच्या एखाद्या धरण नसलेल्या ओढ्याचेही तापमान नोंदवावे. हेच डिसेंबरात आणि एप्रिलमध्ये केले, तर सहा आकडे हाती येतील. मुळशीच्या तळ्यातले पाणी कुंडलिकेला किती गार किंवा किती कोमट करते, ते त्या आकड्यांवरून मुलांनाच काढू द्यावे.